उजवीकडचा बाण

१

भाताच्या खाचरात गुलाब पडले होते. शेकडो. कागदात गुंडाळलेले लाल-पिवळे गुलाब पोटरीला आलेल्या भातात अडकून राहिले होते, आणि त्यांच्या मधोमध एक पिकअप गाडी कुशीवर आडवी झाली होती.

फौजदार शुभदा केदारी बांधावर उभी राहून ते बघत होती. अपघात आदल्या संध्याकाळी, मंगळवारी पावणेसातच्या सुमाराला झाला होता. कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरातून जो रस्ता उतरतो, त्यावर जांभळीचं वळण म्हणून एक वाईट जागा आहे. उतरताना रस्ता एकदम डावीकडे वळतो. उजव्या हाताला बैलगाडीची जुनी वाट खाली खाचरात जाते आणि धुक्यात ती वाटही रस्त्यासारखीच दिसते. कोंडू लोहकरे नावाच्या ड्रायव्हरनं गाडी त्या वाटेत घातली. बिचारा आंबीच्या बाजूला गाडी चालवणारा, या रस्त्यावर त्याची ही दुसरीच खेप. त्याचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. पाय राहील की जाईल, ते डॉक्टर अजून बोलत नव्हते.

वळणावर चारच दिवसांपूर्वी नवा बोर्ड लागला होता. पिवळाजर्द, रेडियमचा, त्यावर एकच जाड काळा बाण. बाण डावीकडे. शुभदानं तो रस्त्यावरूनच पाहिला. शंकेला जागा नव्हती.

आणि तरी शुद्धीवर आल्याबरोबर कोंडू म्हणाला होता, "बाण उजव्या अंगाला व्हता."

लोकांनी ठरवलं, प्यायला असणार. रक्तात दारू निघाली नाही, तेव्हा ठरवलं, डुलकी लागली असणार.

शुभदाला मात्र त्या वाक्यानं आतल्या आत बारीकसा आनंद झाला, आणि तो कशाचा होता हे तिला चांगलं ठाऊक होतं. तो बोर्ड अपेक्षा ढोरेनं बनवला होता.

तळेगावच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. अपेक्षा पहिली, शुभदा दुसरी. पुढे अपेक्षा इंजिनिअर झाली, रस्त्यांच्या खात्यात लागली. घाटातल्या पाट्या धुक्यापावसात ड्रायव्हरला लांबून कशा दिसतील यावर तिनं तीन वर्षं घासली, पेपरात फोटो आला. तेवढं शुभदानं पचवलं असतं. घशात अडकलेली गोष्ट निराळी होती. बारा वर्षांपूर्वी समर्थ ढोरेचं स्थळ आधी शुभदाला सांगून आलं होतं. पोहे झाले, तो हसून बोलला, आणि आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. सहा महिन्यांनी अपेक्षाच्या लग्नाची पत्रिका घरी आली आणि त्यावर समर्थचं नाव होतं. तेव्हापासून बायकोच्या प्रत्येक सत्काराला समर्थ पहिल्या रांगेत बसायचा आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायचा. शुभदाला बढती मिळाली त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं फक्त जेवायला काय आहे ते विचारलं होतं.

चूक अपेक्षाची निघावी, असं तिला मनापासून वाटत होतं. त्याची लाजही वाटत होती, पण वाटायचं थांबत नव्हतं.

बांधावर कोणीतरी तिच्यामागे येऊन उभं राहिलं. कोंडूची बायको सावित्राबाई. रात्रभर दवाखान्यात बसलेली, पदर अजून तसाच खोचलेला.

"मॅडम, माझा माणूस येडा हाय म्हणा, अडाणी हाय म्हणा. पर खोटारडा न्हाई. त्येला बाण वळखायला येत न्हाई व्हय?"

"बाई, बोर्ड मी पाहिला. बाण डावीकडेच आहे."

"लांबून समदेच बघत्यात," सावित्राबाई म्हणाली. "येकदा जवळून बघा की."

शुभदा केवळ तिच्या समाधानासाठी खांबाजवळ गेली. बोर्डाच्या वरच्या कडेला तांबडा चिखल उडालेला होता, आणि त्याचे ओघळ सुकून तिथेच राहिले होते. तिनं हात लावायला बोट उचललं आणि तसंच धरलं. ओघळांची टोकं वर गेलेली होती.

ओघळ काही वर चढत नसतात.

२

खांबाला बोर्ड दोन बोल्टांनी धरलेला होता. एक छातीशी, दुसरा डोक्याच्याही हातभर वर. बोल्ट काढून बोर्ड उलटा केला की तीच भोकं बरोबर बसत होती, आणि डावीकडचा बाण उजवीकडे होत होता. बोर्ड उलटा असताना त्याच्या खालच्या कडेवर चिखल उडाला, ओघळला. मग कोणीतरी तो पुन्हा सुलटा केला आणि खालची कडा ओघळांसकट वर गेली. इतकं सोपं.

कधी? तेही सापडलं. बोर्ड मंगळवारी दुपारी तीनला फडक्यानं लख्ख पुसला होता, कारण बुधवारी सकाळी मुंबईचे साहेबलोक तो बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला की सबंध घाटात अपेक्षाचे बोर्ड लागणार होते. दुपारपासून पाऊस नव्हता, नुसतं धुकं. वळणावरच्या डबक्यातून चिखल उडवेल अशी एकच मोठी गाडी त्यानंतर तिथून गेली होती, सहाची वर जाणारी एसटी. वर जाणाऱ्याला बोर्डाची पाठ दिसते, त्यामुळे एसटीच्या ड्रायव्हरला काही कळायचं कारण नव्हतं. म्हणजे सहा वाजता बोर्ड उलटा होता.

पण अपघात झाला पावणेसातला. तेव्हाही तो उलटाच होता का? तसं असेल तर कोंडू खरा. त्याआधीच कोणी तो सुलटा केला असेल, तर कोंडू खोटा. सगळं त्या पाऊण तासावर येऊन थांबलं.

आणि त्या पाऊण तासाचा साक्षीदार दुपारी आपल्या पायांनी चौकीत चालत आला.

"शुभदा, मला जबाब द्यायचाय," समर्थ ढोरे म्हणाला. उंचापुरा, कानशिलांवर थोडा पिकलेला, लोणावळ्याजवळ पर्यटकांसाठी शेतघर चालवणारा. पाठीमागे अपेक्षा उभी होती. रात्रभर न झोपल्यानं तिचे डोळे खोल गेले होते.

"काल मी आक्काबाईच्या टपरीवर चहा घेत होतो," समर्थ सांगू लागला. "टपरीच्या दारात उभा होतो. पिकअप वरून आली, तिच्या बत्त्या बोर्डावर पडल्या आणि बोर्ड एवढा लखकन चमकला की धुक्यातसुद्धा मला स्पष्ट दिसला. बाण डावीकडे होता. शपथेवर सांगतो. अपेक्षाच्या बोर्डात काहीही चूक नव्हती."

अपेक्षानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

शुभदा लिहून घेत होती. पेन कागदावर जरा जास्तच दाबलं गेलं. एकीचा नवरा तिच्यासाठी चौकीत येऊन शपथा घेतो, आणि एकीचा... जाऊ दे. तिनं जबाब त्याच्यापुढे सरकवला. समर्थनं वळणदार सही केली.

"म्हणजे ड्रायव्हर खोटं बोलतोय," शुभदा म्हणाली.

"किंवा त्याला खरंच कळलं नसेल," समर्थ म्हणाला. "गरीब माणूस आहे. त्याच्यावर राग नाही आमचा."

ते गेल्यावर शुभदानं अपेक्षाच्या हाताखालच्या इंजिनिअरला बोलावलं. निलेश वाळुंज. बोर्ड पुसणारा तोच. ओघळांबद्दल शुभदानं अजून कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

निलेश खुर्चीत बसला आणि तिनं काही विचारायच्या आत कडवट हसला. "माझं डिझाइन घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. माझ्या बोर्डावर अक्षरं होती, मॅडम. तो कोणी उलटा केला असता, तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

शुभदानं पेन खाली ठेवलं.

"उलटा केला असं कोण म्हणालं तुम्हाला?"

३

निलेशचा चेहरा उतरला, पण घाबरल्यासारखा नाही. चिडल्यासारखा.

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? मी सहा महिन्यांपूर्वी लेखी दिलंय. बोल्टांची भोकं समोरासमोर आहेत, बोर्ड उलटा बसू शकतो, एक भोक बाजूला घ्या. फाइलमध्ये आहे. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, 'बघू.' माझ्या शब्दाला त्या ऑफिसात किंमत किती, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. त्या म्हणतात, धुक्यात अक्षरं कोणी वाचत नाही, एक बाण पुरे. बरोबरही असेल. पण बरोबर नेहमी त्याच का असतात?"

हा प्रश्न शुभदानं नववीत असताना आईला विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. तिला निलेशची दया आली आणि त्याच वेळी त्याच्यावर संशय धरावासाही वाटला. मत्सरी माणूस काय काय करू शकतो याचा तिला अंदाज होता.

"काल तीननंतर कुठे होतात?"

"साडेतीनला निघालो. साडेचारपासून आठपर्यंत तळेगावात मीटिंग. समोरच्या खुर्चीत अपेक्षा मॅडम. विचारा त्यांना."

तिनं विचारलं. खरं होतं. अपेक्षाही तिथे होती, निलेशही. दोघंही सुटले, कारण सव्वासातला पोचलेल्या शिपायांनी बाण डावीकडेच पाहिला होता, म्हणजे बोर्ड ज्यानं परत सुलटा केला तो माणूस त्याआधी वळणावर असायला हवा होता.

"ती फाइल," शुभदानं फोनवर अपेक्षाला विचारलं, "आणखी कोणी वाचलीय?"

"ऑफिसात आम्ही दोघंच. मी घरी नेली होती दोन-तीनदा." मग अपेक्षानंच विचारलं, "शुभदा, बोर्ड उलटा केला होता का कोणी?"

"सहा वाजता उलटा होता. पावणेसातला काय होतं, ते बघायचंय."



"समर्थनं तर सांगितलं ना," अपेक्षा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवून दिला.

शुभदाला ते चमत्कारिक वाटलं. शाळेत प्रत्येक उत्तराची दोनदा पडताळणी करणारी ही मुलगी. आज तिला पडताळणी नको होती.

४

आक्काबाईची टपरी वळणाच्या पोटात, खाचराच्या कडेला होती. बोर्डापासून साठ पावलं, पण समोर नाही, पार बाजूला. मक्याची कणसं, कांदाभजी, चहा. आक्काबाई जेमतेम पावणेपाच फूट उंचीची आणि बोलायला सात फुटांची.

"मला त्यो बोर्ड नगंच व्हता, खरं सांगते," ती म्हणाली. "त्येच्या आड माझी टपरी झाकली. गाड्या सुसाट जात्यात. पर म्हून काय मी कुणाचा पाय मोडंन? माझा हात तितवर पोचत तरी असंल का?"

बाकावर नथू येवले बसला होता. सारं मावळ त्याला नथू पेंटर म्हणून ओळखायचं. तीस वर्षं तालुक्यातली एकूण एक पाटी त्याच्या हातची, कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याचं नाव. आता त्याच्या पाट्या उपटून चरात टाकल्या होत्या आणि खांब तेवढे ठेवले होते.

"नथूआबा, काल तुम्ही इथंच होता?"

"व्हय. रोज असतो." त्यानं चहाचा कप उजव्या हातानं उचलला, आणि ओठांपर्यंत न्यायला मान खाली वाकवली. खांदा वर जात नव्हता. "माझ्यावर वहिम हाय का? असू द्या. मला राग हायच. माझ्या हातच्या पाट्या काढल्या आन् तो पत्रा लावला."

"नवा बोर्ड लांबून चांगला दिसतो म्हणतात."

"दिसतो ना! गाडीवाल्याला दिसतो. पर लबाड हाय तो. माझा पिवळा कसा, कुटूनबी बघा, पिवळाच. ह्यो रेडियम, ज्येची बत्ती त्येलाच उजेड परत देतो. तुमी बाजूला हुबं ऱ्हावा, तुमच्याकडं बघतबी न्हाई. पयल्या दिशी म्या हितं बसून वाट बघितली, गाड्यांच्या बत्त्या पडल्यावर कसा चमकतोय म्हून. धा गाड्या गेल्या. हितनं नुसता अंधार."

शुभदा हातातला चहा प्यायची विसरली.

"आबा, इथून? या दारातून?"

"मग काय आभाळातून?"

ती दारात जाऊन उभी राहिली. काल समर्थ उभा होता त्याच जागी. दिवसाउजेडी, धुकं विरळ असताना, बोर्डाची कड तेवढी दिसत होती, एक पिवळी रेघ. दाट धुक्यात, बत्त्यांच्या उजेडात, इथून तो लखकन चमकणं शक्यच नव्हतं. समर्थनं काही पाहिलं नव्हतं.

आधी तिच्या मनात आलं ते असं, की बायकोला वाचवायला खोटं बोलला. आणि तो विचार तिला आतून चावला. नवरा बायकोसाठी खोटी शपथ घेतो, हेही अपेक्षाच्याच वाट्याला!

"मावशी," तिनं विचारलं, "गाडी पडल्यावर काय झालं?"

"मी लेकीशी बोलत व्हते मोबाइलवर, तिचा चेहरा बघत. तिनंबी आवाज आयकला. आमी समदी खाली खाचरात पळालो. आबाबी. समर्थ सायेब तेवढं वर रस्त्याकडं पळालं. हितं रेंज न्हाई म्हनले, वर जाऊन अँब्युलन्सला फोन लावतो. लय धावपळ केली बिचाऱ्यानं. धा मिनिटांनी आलं."

"रेंज नव्हती?"

"त्ये म्हनले तसं."

"पण तुम्ही तर लेकीचा चेहरा बघत होता."

आक्काबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"त्यांची जीप कुठे होती, मावशी?"

"वर. खांबापाशी."

शुभदा बाकावर बसली.  आता सगळं दिसत होतं, आणि नेमकं म्हणूनच तिला स्वतःचा भरवसा वाटेना. हे आपण फौजदार म्हणून बघतोय, की पोह्यांची बशी हातात घेऊन उभी राहिलेली, नाकारलेली मुलगी म्हणून? समर्थ दोषी निघाला तर अपेक्षाचा संसार मोडेल. बारा वर्षं तिनं दुसरं काय मागितलं होतं?

तिनं उठून निलेशला फोन लावला. "उद्या पाना घेऊन या. आणि कोणाला सांगू नका."

५

गुरुवारी संध्याकाळी धुकं पुन्हा उतरलं. दोन्ही बाजूंनी शिपाई उभे करून शुभदानं रस्ता अडवला होता. समर्थ आणि अपेक्षा सहालाच आले. साडेसहाला झाडं पुसट झाली, पावणेसातला बोर्डाचा खांबही दिसेना.

"जबाबाची खातरजमा करायची आहे, एवढंच," शुभदा म्हणाली. "समर्थराव, तुम्ही परवा होता तिथे, टपरीच्या दारात उभे राहा. मी वरून जीप आणते. अपेक्षा, तू माझ्याबरोबर बस."

अपेक्षा हलली नाही. "शुभदा, हे करायलाच हवं का?"

"हो."

"तो माझ्या बाजूनंच बोललाय."

"माहीत आहे. बस."

जीप हळूहळू उतरू लागली. काच ओली, पुढे नुसता पांढरा पडदा. आणि मग बत्त्यांचा झोत वळणावर गेला मात्र, पडद्याच्या मधोमध बोर्ड पेटल्यासारखा उजळला. शंभर पावलांवरून बाण दिसत होता. अपेक्षाचं तीन वर्षांचं काम. एका क्षणापुरती शुभदा सगळं विसरली. इतकं चांगलं, इतकं साधं काहीतरी या बाईनं घडवलं होतं.

बाण उजवीकडे होता.

अपेक्षा पुढे झुकली. "उलटा..."

"मी सांगून करवलाय. निलेशकडून, तासाभरापूर्वी." शुभदानं जीप थांबवली, बत्त्या तशाच ठेवल्या आणि खिडकीतून हाक मारली. "समर्थराव! दिसतोय का बोर्ड?"

धुक्यातून आवाज आला, ठणठणीत. "अगदी स्पष्ट! परवासारखाच!"

"बाण कुठे आहे?"

"डावीकडे!"

 इंजिन तेवढं घुरघुरत होतं. अपेक्षा दार उघडून उतरली आणि सरळ टपरीकडे चालत गेली. शुभदा तिच्या मागोमाग. दारात समर्थच्या शेजारी उभं राहून अपेक्षानं बोर्डाच्या दिशेला पाहिलं. तिथे करडं धुकं होतं, दुसरं काही नव्हतं.

"इथून दिसत नाही, समर्थ," ती म्हणाली. "दिसणारच नाही. ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"चौकीत तू जबाब दिलास ना, तेव्हाच मला कळलं की तू खोटं बोलतोयस." ती त्याच्याकडे वळली. "आणि मी गप्प बसले. कारण मला वाटलं, माझ्यासाठी बोलतोयस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माइक समोर नसताना, माझ्यासाठी."

शुभदानं हे ऐकलं आणि तिच्या आत काहीतरी खाली बसलं. बारा वर्षं ती कशाकडे बघत जळत होती?

"समर्थराव," ती म्हणाली, "परवा सहाच्या आधी बोर्ड उलटा झाला. तो उलटा बसतो, हे फक्त फाइलमध्ये लिहिलेलं, आणि फाइल तुमच्या घरी आली होती. निलेश आणि अपेक्षा तेव्हा तळेगावात. इथे तिघं. वरच्या बोल्टापर्यंत आक्काबाईंचा हात पोचत नाही, आबांचा खांदा उठत नाही. गाडी पडल्यावर सगळे खाली धावले, एकटे तुम्ही वर. रेंज नाही म्हणून. इथे रेंज होती, मावशी लेकीशी बोलत होत्या. अँब्युलन्सच्या नोंदीप्रमाणे तुमचा फोन गेला तो गाडी पडल्यावर नऊ मिनिटांनी. त्या नऊ मिनिटांत एक माणूस चिखलात पाय अडकून ओरडत होता आणि तुम्ही बोल्ट आवळत होता."

समर्थ हसायला गेला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मला त्याला पाडायचं नव्हतं," तो म्हणाला. "कोणालाच नाही. सकाळी साहेब येणार होते. त्यांनी बघावं, की मोठी हुशार बाई आणि हिचा पहिलाच बोर्ड उलटा. हसावं जरा. बस. एकदा हसावं कोणीतरी तिला!" तो अपेक्षाकडे वळला. "आपण दोघं एकाच परीक्षेला बसलो होतो. तू पास झालीस. तेव्हापासून मी कोण? ढोरे मॅडमचे मिस्टर. टाळ्या वाजवून वाजवून हात सुजले माझे. प्रत्येक टाळीला वाटायचं, पुरे आता, एकदा तरी पडू दे ही."

 अपेक्षा त्याच्या हातांकडे बघत होती.

नथू पेंटर बाकावरून उठला. "साहेब," तो सावकाश म्हणाला, "मलाबी लय राग व्हता बाईंचा. म्या रोज हितं बसून तोंडानं शिव्या दिल्या. पर पाटीला हात न्हाई लावला. पाटी वाटसराची असती."

शिपाई समर्थला घेऊन गेले.

६

आठ दिवसांनी शुभदा आणि अपेक्षा तळेगावच्या दवाखान्यात कोंडूला बघायला गेल्या. पाय वाचला होता. लंगडेल म्हणाले, पण वाचला होता. अपेक्षानं खाटेशी उभं राहून त्याला सगळं सांगितलं, नवऱ्याचं नाव घेऊन, एक शब्द न गाळता. निलेशनं लेखी दिलेली सूचना आपण बाजूला सारली होती, हेही सांगितलं. आता नव्या बोर्डांचं एक भोक बाजूला घेतलं होतं आणि आराखड्यावर तिच्या नावाखाली निलेशचंही नाव होतं.

कोंडू सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"म्हंजी बाण उजवीकडंच व्हता ना?"

"उजवीकडेच होता."

"मंग मी बरुबर वाचला."

"अगदी बरोबर वाचलात."

कोंडूनं उशीवर मान टेकली. सावित्राबाईनं त्याच्या अंगावरची चादर विनाकारण नीट केली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

बाहेरच्या ओट्यावर दोघी थांबल्या. स्टेशनकडून पुण्याच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. शुभदाला वाटलं, आत्ता नाही बोलले तर कधीच नाही.

"अपेक्षा, मला तुझा हेवा वाटायचा. शाळेपासून. पण सगळ्यात जास्त समर्थवरून. बोर्ड तुझा चुकावा म्हणूनच मी या प्रकरणात नेटानं शिरले. तुला माहीत असायला हवं."

"माहीत होतं," अपेक्षा म्हणाली.

"कधीपासून?"

"आठवीपासून. तू माझा पेपर हातात घ्यायचीस, मार्क मोजायचीस आणि तोंड पाडून परत द्यायचीस. मला राग यायचा तेव्हा." ती रस्त्याकडे वळली. "पण समोर कोण उभं आहे, ते कळायचं तरी. तू माझ्यासमोर जळायचीस. बारा वर्षं मी ज्याच्या शेजारी झोपले, तो माझ्यासमोर टाळ्या वाजवायचा."

 शुभदानं अपेक्षाच्या हातातली पिशवी घेतली.

"चल. घरी सोडते."

"कुठल्या घरी?" अपेक्षानं विचारलं. विचारताना हसायचा प्रयत्न केला, आणि तो तिला जमला नाही.

"माझ्या," शुभदा म्हणाली, आणि गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.